म्हैस आटली की बघू

आमच्या घरात कुठल्याही गोष्टीची तारीख म्हशींच्या सोयीनं ठरायची. हे मी थट्टेनं सांगत नाही. थोरल्या बहिणीचं लग्न जमलं तेव्हा भटजींनी काढून दिलेले दोन मुहूर्त आण्णांनी परत पाठवले, कारण त्या दिवसांत एक म्हैस व्यायला झाली होती. तिसरा मुहूर्त म्हशीला मानवला आणि बहीण इचलकरंजीला नांदायला गेली. कुणाची परीक्षा असो, कुणाचं बारसं असो, नाहीतर जोतिबाला जायचं असो, आण्णांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "धारंचं काय?"

आण्णा म्हणजे माझे वडील. आमचं घर कोल्हापुरात, भर पेठेत, आणि घराच्या मागं गोठा. सकाळ-संध्याकाळ आण्णा दोन म्हशी सोडून चौकातल्या दूधकट्ट्यावर घेऊन जायचे. तिथं म्हैस बांधायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, ही आमच्याकडची रीत. गिऱ्हाईक ग्लास पुढं करून उभं, धार थेट ग्लासात, आणि फेसासकट ग्लास तोंडाला. पाणी घातलं काय, न घातलं काय, असला प्रश्नच नाही. तालमीतून घामानं निथळत आलेले पैलवान, कचेरीतले कारकून, एसटीतून उतरलेला एखादा पावणा, सगळे एका रांगेत. मिशीला फेस लागलेला माणूस खोटं बोलू शकत नाही, असं आण्णा म्हणायचे. कट्ट्यावर ज्या थापा चालायच्या त्या मी ऐकलेल्या आहेत, त्यामुळं मला ते कधी पटलं नाही.

आमच्या कुत्रीचं नाव मी सांगणार नाही. ते नाव गल्लीतल्या एका वजनदार बाईंचंही होतं, आणि आण्णा भर चौकात कुत्रीला हाक मारायचे तेव्हा त्या बाई धाडकन खिडकी लावून घ्यायच्या. कुत्रीची आई आमच्याच दारात वाढलेली, गावठी. ती सारखी व्यायची, सारखी वाळायची, आणि शेवटच्या खेपेला पिल्लू अडकलं. डॉक्टर त्या दिवशी शाहूवाडीकडं जनावरांच्या शिबिराला गेलेले. माझी आई दिवसभर तिच्या उशाशी पोत्यावर बसून होती. दिवेलागणीला कुत्री गेली. एकच पिल्लू जगलं, ही. आईनं तिला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं, आणि पहिल्या दिवसापासून तिच्या मनात एकच भीती बसली, की हीसुद्धा एक दिवस आपल्या आईसारखीच जाणार. डोळे उघडायच्या आधीच आईनं तिला सांगून टाकलं होतं, "तुझं आपरेशन करायचं बघ. तुझ्या आईगत तुला मरू द्यायची न्हाय."

आता या सगळ्यात म्हैस कुठून आली, तर अशी. पिल्लू चालायला लागलं त्याच आठवड्यात आमच्या सगळ्यात दुधाळ म्हशीचं रेडकू गेलं. रेडकू नाही म्हटल्यावर म्हैस पान्हा सोडेना. आण्णांनी पेंड घालून बघितली, गोंजारून बघितलं, शिव्या देऊन बघितलं. इंजेक्शन टोचून दूध काढणाऱ्यांचा त्यांना भयंकर तिटकारा होता, त्यामुळं तो मार्ग बंद. एके सकाळी आण्णा हात टेकून बसलेले असताना हे पिल्लू पोत्यातून धडपडत बाहेर आलं आणि नेमकं रेडकाच्या जागी जाऊन बसलं. म्हशीनं वाकून हुंगलं. मग लांबलचक जीभ काढून एका चाटण्यात पिल्लाला आडवं केलं, आणि पान्हा सोडला. आण्णा असे ओरडले की शेजारच्या काकू चोर आला समजून लाटणं घेऊन धावत आल्या.

तेव्हापासून कुत्रीला नोकरी लागली. धारेच्या वेळी तिनं म्हशीसमोर बसायचं, म्हशीनं तिला चाटायचं, आण्णांनी धार काढायची. कट्ट्यावरसुद्धा. लांबून लांबून लोक नुसते बघायला येत. ओल्या अंगाची कुत्री एखाद्या साहेबासारखी बसलेली असायची आणि तिच्या डोक्यावरचे केस म्हशीच्या जिभेनं कायम एका बाजूला वळलेले.

उन्हाळ्याच्या शेवटी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हशींना लस टोचायला आले. चहा देता देता आईनं विषय काढलाच. "डाक्टर, हिचं आपरेशन कधी करायचं?"

डॉक्टरांनी कुत्रीचे दात बघितले. म्हणाले, "अजून महिना-दीड महिन्यानं आणा. पहिल्या माजावर यायच्या आधी झालं तर उत्तम. पुढं गाठी-बिठी व्हायची भीतीही कमी होते."

आण्णा गोठ्यातून ऐकत होते. "येक वेत तरी हुंदे की डाक्टर. पैल्या वेताबिगर जनावराचं अंग भरत न्हाय."

"आण्णा, ही म्हैस नाही."

"जनावर त्ये जनावर."

डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं, की कुत्रीला एक वेत झालंच पाहिजे असं काही नसतं, त्यानं तिचं काही भलं होत नाही, उलट तिच्या आईचं काय झालं ते तुम्ही बघितलंय. आण्णा डॉक्टरांना फार मानत. म्हशीच्या बाबतीत त्यांनी सांगितलेलं औषध ते देवाच्या तीर्थासारखं घ्यायचे, म्हणजे म्हशीला पाजायचे. पण गोष्ट कुत्रीवर आल्यावर डॉक्टर एकदम पोरसवदा ठरले. शेवटी खरं कारण बाहेर आलं. "टाकं घातल्यावर ती धा-बारा दिस धारंला बसणार न्हाय. म्हस पान्हवायची कशी? म्हस आटली की बघू."

म्हैस तर भर दुधात. ती आटायला दिवाळी तरी उलटणार. डॉक्टर म्हणाले, "तोवर कुत्री माजावर येईल."

"यिऊ दे की. बांधून घालू."

मी तेव्हा कॉलेजात शास्त्र शाखेला होते आणि मला वाटायचं की घरातल्या शास्त्राच्या प्रश्नांवर माझं मत विचारलं जावं. मी दोन्ही प्राण्यांच्या शरीररचनेवर एक छोटं भाषण दिलं. आण्णांनी ते संपूर्ण ऐकून घेतलं आणि मला वैरण टाकायला पाठवलं. दुधाचा कस ओळखणारी त्यांची जीभ आणि म्हशीचं पोट जोखणारे त्यांचे हात यांच्यापुढं माझं पुस्तक म्हणजे काय! म्हशीचं पंचांग कुत्रीला लागू पडत नाही, ही एवढीच गोष्ट त्या हुशार माणसाच्या डोक्यात शिरत नव्हती. मला चीड यायची आणि हसूही यायचं.

बरं, एकटे आण्णाच असते तर गोष्ट वेगळी. कट्ट्यावर विषय निघाला आणि अख्ख्या पेठेला मत आलं. म्हशीला पान्हा फोडणाऱ्या कुत्रीचं पिल्लू प्रत्येकाला पाहिजे होतं. तालमीतल्या एका थोराड पैलवानानं नर सांगून ठेवला. मलकापूरहून येताना दूध प्यायला थांबणाऱ्या एका ट्रक डायव्हरनं मादी. पिल्लं अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हती आणि वाटप पुरं झालेलं. शेजारच्या काकूंनी भावनेला हात घातला. "बाईच्या जातीला येकदा तरी आईपण नगं व्हय गं?"

आई म्हणाली, "बाळंतीण झाल्यावर अंगाला लावायला आन् न्हाऊ घालायला तुमी येणार असला तर सांगा."

श्रावण संपता संपता कुत्री माजावर आली. पेठेत इतके कुत्रे आहेत हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. दारात, भिंतीवर, गोठ्याच्या पत्र्यावर, जिथं बघावं तिथं कुत्रे. काही तर नदीपलीकडून आले असावेत, कारण त्यांचे पाय चिखलानं भरलेले असायचे. आईनं कुत्रीला स्वयंपाकघरात कोंडलं. पण धारेची वेळ झाली की म्हैस हंबरायची, आणि आण्णा दारात येऊन उभे राहायचे. मग दिवसातून दोनदा आमची वरात निघे. पुढं आण्णा काठी आपटत, त्यांच्या मागं म्हशी, मग दोन्ही हातांत दोरी गुंडाळून आई, तिच्या पायांत कुत्री, आणि सगळ्यात मागं पाण्याची बादली घेऊन मी. जो कुत्रा जवळ येईल त्याच्यावर पाणी मारायचं हे माझं काम. लोक गॅलरीत येऊन बघायचे. आमच्या गल्लीत नुकतीच केबल आली होती, पण त्या दिवसांत संध्याकाळी टीव्ही कुणी लावत नव्हतं.

कट्ट्यावर तर विचारूच नका. गिऱ्हाइकं एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन उभी. म्हैस कुत्रीला चाटतेय, कुत्री भलतीकडंच बघतेय, आणि भोवती सगळ्या रंगांच्या कुत्र्यांचा वेढा. आण्णा धार काढता काढता ओरडायचे, "मागं हाणा त्या काळ्याला! डाव्या अंगानं घुसतंय बगा!" पैलवान डाव-पेच सांगावेत तसे सूचना द्यायचे. मला त्या वयात चौकात असं उभं राहायची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. आता आठवलं की पोट धरून हसते.

आणि व्हायचं तेच झालं. गणपती घरी आणायचा दिवस. चौकात ढोल-ताशे, गुलाल, ट्रॅक्टरवर मूर्ती. ढोलाला म्हैस बुजली, मान वळवून कुत्रीला शोधायला लागली. "दोर ढिला सोड, म्हस बुजतीया," आण्णा आईला म्हणाले. आई नको म्हणत असताना त्यांनीच हात घालून कुत्रीची दोरी सैल केली. तेवढ्यात फटाक्यांची माळ वाजली आणि कुत्री दोरीसकट गर्दीत नाहीशी झाली.

कट्टा ओस पडला. पैलवान अर्धे ग्लास टाकून, मिशांना फेस तसाच ठेवून पळाले. मी बादली घेऊनच धावत होते, ती का घेतली होती देव जाणे. बऱ्याच वेळानं कुत्री बंद रसवंतीच्या बाकाखाली सापडली. अंगावर गुलाल, भोवती कुत्रे. व्हायचं ते होऊन गेलं होतं की नव्हतं, हे सांगायला कुणी साक्षीदार नव्हता. आईनं तिला उचलून पदरात घेतलं आणि आण्णांकडं न बघता घराची वाट धरली.

पुढचे दिवस घरात गणपती होता पण आनंद नव्हता. आई येता-जाता कुत्रीच्या पोटावरून हात फिरवायची. कुत्री लाड समजून उताणी पडायची. आण्णा जास्त दुधात भाकरी कुस्करून तिच्यापुढं ठेवायला लागले. पोटुशी असली तर असू दे, असा विचार. ते दूध बघितलं की आईचं तोंड आणखी आवळायचं. ती मला एकदा म्हणाली, "अजून पोरगीच हाय की गं ती. एवढ्याश्या जिवाला कसं झेपंल?" तिच्या आवाजात इतकी भीती होती की मला तेव्हा ती जरा जास्तच वाटली.

दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी तपासलं. पोट रिकामं होतं. आईनं तिथंच देवाला हात जोडले. डॉक्टर म्हणाले, "सुटलात. आता माज उलटून गेलाय. थोडे दिवस जाऊ द्या आणि दिवाळीच्या आधी घेऊन या. पुढच्या माजाची वाट बघू नका."

आण्णा म्हणाले, "पाडवा हुंदे की. पाडव्याला म्हशी सजवून मिरवायच्या आस्त्यात. तवर म्हस बी आटंल."

डॉक्टर गेले. दुपारची वेळ होती, आई भाकरी थापत होती. आण्णा जेवायला बसले आणि वर तोच विषय, की एवढी घाई कशाला, एवढं काय झालंय. आईचा हात परातीत थांबला. आमच्या कोल्हापूरकडं बायकाही स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलतात, जातो-येतो-करतो, आणि आई चिडली की तो आवाज चांगलाच पुरुषी व्हायचा. त्या दिवशी मात्र ती हळू बोलली.

"माझं आपरेशन कधी करायचं ते ठरवायला किती जण बसलावता, ध्यानात हाय न्हवं? तुमच्या आई, तुमची आत्ती, तुमी. पोरगा हुईस्तवर न्हाय म्हटलासा. दुसरीच्या वक्ताला नर्सबाई म्हणलीवती, हिच्या अंगात रगत न्हाय, आता बास करा. कुणी ऐकलं? हिच्या वक्ताला," तिनं पिठाचं बोट माझ्याकडं केलं, "मी मरून परत आलोय. तवा कुठं घाबरलासा आन् करा म्हणलासा. मला तवा कुणी इचारलं न्हाय. आधी बी न्हाय, नंतर बी न्हाय. आता ह्या मुक्या जनावराचं म्हस आटायची वाट बघून ठरवू नगा."

आम्ही तीन बहिणी, त्यातली मी धाकटी, हे मला माहीत होतं. माझ्या पाठीवर कुणी का झालं नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. आई माझ्या जन्माच्या वेळी मरता मरता वाचली, हे मला त्या दुपारपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मला आण्णांचा राग आला. न बघितलेल्या आजीचा आला. त्या रसवंतीपाशी आईनं कुत्रीला पदरात का घेतलं आणि ती भीती जास्त का वाटत होती, ते कळलं, आणि मला रडू फुटलं. आण्णांनी ताट पुढं सारलं, हात धुतले आणि गोठ्यात जाऊन बसले.

म्हशीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याचा जीव तिथं अडकला असेल आणि मला शेवट म्हशीवर करायचा नाही. ऑपरेशननंतर कुत्री समोर नाही म्हटल्यावर म्हशीनं पहिल्या दिवशी बादली उडवली. दुसऱ्या दिवशी तो थोराड पैलवान मोठ्या मनानं कुत्रीच्या जागी उकिडवा बसला. म्हशीनं त्याला हुंगलं आणि तोंड फिरवलं. बिचारा पुढं बरेच दिवस कट्ट्यावर खाली मान घालून दूध प्यायचा. हळूहळू पेंडेवर आणि आण्णांच्या मिनतवाऱ्यांवर ती थोडं थोडं देऊ लागली. आण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे, "दूध कमी हाय, घरात आजारपण हाय," आणि लोक दूध राहू द्या, कुत्री कशी आहे ते सांगा म्हणायचे. टाके ओले होऊ द्यायचे नव्हते आणि म्हशीची जीभ म्हणजे ओला खरारा, त्यामुळं दोघींची भेट बरीच लांबली. पाडव्याला म्हशी शिंगं रंगवून, मोरपिसं लावून मिरवायला निघाल्या तेव्हा कुत्री उंबऱ्यात आईच्या मांडीवर बसून शेपूट हलवत होती. पुढं ती म्हातारी होऊन, जाडजूड होऊन, गोठ्यातल्या उबदार कोपऱ्यात सुखानं गेली. माझं लग्न झालं, मुलगा शाळेत जायला लागला, तरी ती होती.

तर, त्या दुपारनंतर आई दिवस मोजत होती आणि आण्णा गोठ्यातून बाहेर येत नव्हते. मग एका सकाळी धार झाल्यावर आण्णा स्वतः रिक्षा घेऊन दारात आले. आईनं कुत्रीला मांडीवर घेतलं आणि बसली. मी कडेला. आण्णा पुढं ड्रायव्हरजवळ अर्धे बाहेर लोंबकळत. दवाखान्यापर्यंत कुत्री बाजूनं जाईल त्या प्रत्येक सायकलवर भुंकत होती.

डॉक्टरांनी आण्णांना बघितलं आणि हसले. सवयीनं त्यांच्याकडंच वळून म्हणाले, "काय आण्णा, काय ठरलं? आज करायचं, का पाडवा झाल्यावर?"

आण्णांनी टोपी काढली. ती हातात फिरवत जमिनीकडं बघत राहिले. मला वाटलं, आता परत म्हैस निघणार. पण ते म्हणाले, "मला नगा इचारू. तिला इचारा."

डॉक्टरांना ते नीट ऐकू आलं नाही की कळलं नाही, कोण जाणे. आण्णांनी मान वर करून परत सांगितलं, या वेळी मोठ्यानं, "तिला इचारा की. ती म्हणंल तवा करा."

डॉक्टर आईकडं वळले. "मग, वहिनी? कधी करायचं?"

चौकात उभं राहून पेठेला ऐकवणाऱ्या माझ्या आईनं कुत्रीला जवळ ओढलं. तिच्या मानेत बोटं रुतवली. आईचे डोळे भरून आले, आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

"आज," ती म्हणाली. "आत्ताच करा." मग आण्णांकडं वळून, "ऐकलासा न्हवं?"

"व्हय," आण्णा म्हणाले. "ऐकलं."